सोळा गुंजा

जुनी सुई झिजल्याचं मला आधी डोळ्यांनी कळलं.
हॉलमार्क वाचायच्या भिंगाखाली धरली
तर टोक चपटं,
जन्मभर पायात राहिलेल्या जोडव्यासारखं.

लॅमिंग्टन रोडच्या मागे, पंख्यांच्या दुकानावरच्या खोलीत
मुफद्दलभाईंनी तीन डब्या काचेवर मांडल्या,
आमच्या झवेरी बाजारात नथी मांडाव्यात तशा.
पहिली गोल टोकाची. "चालेल. बैलासारखी चालेल."
दुसरी लंबगोल.
तिसरीचं झाकण त्यांनी उघडलंच नाही.
"ही कॉइलवाली. ही घेतली तर ॲम्प्लिफायर बदलायचा,
मग स्पीकर, मग खोली,
मग, रायकरशेठ, शेजारी."

टोकाला काय असतं, मी विचारलं.
"हिरा."
केवढा?
"खसखस आठवा. त्याच्याहून लहान."

एकोणचाळीस वर्षं मी काट्यामागे बसलो.
मोडीत आलेले बाजूबंद, तुटलेल्या वाट्या,
वजन सांगायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा.
खसखशीहून लहान हिऱ्याची पावती
कधी फाडली नव्हती.

गेल्या महिन्यात कानाचा डॉक्टर म्हणाला होता,
आठ हजारांच्या वरचं तुम्हाला आता काही नाही, काका.
म्हटलं, खिशाचंही तेच आहे.
लंबगोल साडेसात हजारांना. ती घेतली.
"जाड सुई वरवर घासत होती," डबीला रबर लावताना मुफद्दलभाई म्हणाले,
"ही खाली उतरेल. तिथे अजून कोणी गेलेलं नाही."

शालन मेथी निवडत होती.
"हिरा आहे?"
आहे.
"तबकडीला."
हो.
तिच्या चमकीत अजून तोच पांढरा खडा,
पुढच्या दिवाळीला खरा बसवू, असं मी म्हटलेला.
कुठली दिवाळी ते दोघांनाही पाठ आहे.
जागा पाच सेंटची, तीही मलाच ठाऊक.
तिने एक काडी मोडली.
तो आवाज आठ हजारांच्या बराच खालचा असावा,
मला स्वच्छ ऐकू आला.

चार तारा, लाल पांढरी हिरवी निळी, केसाएवढ्या.
हात कापतो हल्ली, पण चिमटा धरला की नाही.
कागदावर लिहिलं होतं, दोन ग्रॅम भार.
कपाटातून तराजू काढला, गुंजांची डबी काढली.
एका पारड्यात सुई अलगद टेकवली,
दुसऱ्यात लाल दाणे, काळ्या डोळ्यांचे,
चौदा, पंधरा,
सोळाव्याला काटा उभा राहिला.
दोन मासे. केसभर कमीच.
एवढ्या भाराखाली बाई गाणार.

तबकडी शालनच्या मावशीने लग्नात दिलेली,
लेबलावरचं नाव बोटांनी पुसलेलं.
आधी ऐकू आले ते माझेच गुन्हे,
प्रत्येक चरा, प्रत्येक फुंकर मारून उडवलेली धूळ.
मग गिरगावाखालून मेट्रो गेली,
ती सुईला कळली, मला नाही.
मग बाई. आवाज तोच,
पण जणू कोणी तोंडावरचा पदर काढला.
आणि दुसरा अंतरा संपून
तंबोरा एकटा उरला तेव्हा,
किण्.

दांडी उचलून मागे नेली.
किण्.

शालन दारात, हाताला मेथीची माती.
"बांगड्या आहेत."
मी डोळे मिटून ऐकलं. सोनं असं वाजत नाही,
सोन्याचा आवाज आत जिरतो.
"काचेच्या," ती म्हणाली. "तीन, नाहीतर चार."
मी मान हलवली, काट्यामागे बसून हलवायचो तशी.

"एवढी मोठी बाई," ती स्वतःशीच म्हणाली,
"आणि काचेच्याच घालून गेली."

मग हात पदराला पुसत खाली फरशीवर बसली,
पाटीतली मेथी स्वयंपाकघरातच राहिली.
"तिथूनच लाव," म्हणाली.
"हळू टेकव."